हिंवाळ्यांतील ऊब : खर्च आणि खबरदारी

कार्तिक संपून मार्गशीर्ष लागला, कीं आपल्या घरांतून एक वाक्य दरसाल ऐकूं येतें : "पूर्वीची थंडी आतां राहिली नाहीं." आणि हें वाक्य उच्चारणारी वडीलधारी मंडळीच पहाटे सर्वांच्या आधीं शाल शोधूं लागतात. महाराष्ट्राचा हिंवाळा हिमालयाच्या पायथ्याच्या हिंवाळ्याइतका कडक नव्हे, हें खरें. तथापि तो अगदींच क्षुल्लक समजण्याचेंहि कारण नाहीं. पुण्यांत १७ जानेवारी १९३५ रोजीं पारा १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे. नाशिक जिल्ह्यांतील निफाडचें नांव तर थंडीच्या बातम्यांत वारंवार येत असतें. मग इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली इत्यादि ठिकाणीं पिढ्यानुपिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांची गोष्ट बोलावयासच नको.

परंतु आमच्याकडे थंडीचे दिवस थोडे, आणि घर बांधतांना दृष्टि असते ती ऊन व पाऊस यांच्या निवारणाकडे. त्यामुळें घरांत ऊब आणण्याची कायमची सोय अशी बहुधा कोणी केलेलीच नसते. थंडीची लाट आली म्हणजे जें साधन हातीं लागेल तें खोलींत आणून ठेवावयाचें आणि दार लावून निजावयाचें, हा सामान्य परिपाठ. अपघात होतात ते बहुतेक या घाईमुळेंच. म्हणून या मासीं या विषयाचा थोडा सविस्तर विचार करण्याचें योजिलें आहे.

त्यास निमित्त झालें तें एका वाचक भगिनींचें पत्र. त्यांची कन्या पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली आहे. दिवस पौषांत भरतात. त्यांच्या सासूबाईंचें म्हणणें असें, कीं बाळंतिणीच्या खोलींत कोळशांची शेगडी रात्रंदिवस असलीच पाहिजे. आमचीं सर्व बाळंतपणें तशींच झालीं. जांवईबापूंनीं विजेचा हीटर पाठवून दिला आहे. यजमानांना चिंता आहे ती विजेच्या बिलाची. "तिघांचाहि मान राहील असें कांहीं सुचवा," असें त्या लिहितात. प्रश्न एका घरचा दिसला, तरी तो शंभर घरांचा आहे.

प्रथम सासूबाईंचा पक्ष घेऊं. कारण तो वाटतो तितका दुबळा नाहीं. वाग्भटानें अष्टांगहृदयांत हेमंत ऋतूची चर्या सांगतांना, निखाऱ्यांच्या आंचेनें तापविलेल्या गर्भगृहांत आणि भूगृहांत वावरणाऱ्यांना शीताची बाधा होत नाहीं, अशा अर्थाचें स्पष्ट विधान केलें आहे. चरकानेंहि हेमंतांत उबदार गर्भगृहाचा आश्रय करावा असें सांगितलें आहे. अमरकोशांत शेगडीला अंगारधानिका, अंगारशकटी आणि हसन्ती असे पर्याय दिलेले आढळतात. आपली 'शेगडी' ही यांतील 'शकटी'चीच वंशज होय. हसन्ती म्हणजे हसणारी. लाल निखाऱ्यांनीं भरलेली शेगडी कोण्या प्राचीन रसिकास हसतांना दिसली असावी. सारांश, शेगडी ही कांहीं अडाणीपणाची खूण नव्हे. तिच्यामागें शास्त्राचा आधार आणि शेंकडों वर्षांचा अनुभव आहे.

मग आज तीस हरकत कां घ्यावी? याचें उत्तर घराच्या बांधणींत सांपडतें. जुन्या घराचें छप्पर कौलारू, कौलाकौलांमधून फटी, खिडक्यांना लांकडी झडपा, दाराच्या फळ्यांमध्यें बोट जाईल एवढ्या भेगा. शेगडीची तापलेली हवा वर चढे आणि कौलांतून निघून जाई. तिच्या जागीं ताजी हवा दाराखालून आंत येई. जें छप्पर थंडी आंत घेत असे, तेंच विषारी वायु बाहेर काढून देत असे. आजच्या घरास सिमेंटचें छत आहे, सरकत्या कांचांच्या घट्ट बसणाऱ्या खिडक्या आहेत, आणि डांस येऊं नयेत म्हणून दाराखालची फटहि आपण बुजविलेली असते. अशा पेटींत निखारे ठेवून निजणें, ही वाग्भटानें सांगितलेली चर्या नव्हे. त्याच्या काळचें घर आपण सोडलें. त्याच्या काळची शेगडी मात्र जशीच्या तशी ठेवली, तर दोष ग्रंथकाराचा म्हणतां येणार नाहीं.

त्या पेटींत काय घडतें तें पाहूं. कोळशास जळण्यासाठीं प्राणवायु भरपूर मिळाला नाहीं, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निपजतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिन हें द्रव्य प्राणवायु सर्व शरीरास पोंचवितें. या द्रव्याशीं कार्बन मोनॉक्साइड प्राणवायूपेक्षां २०० पटींहून अधिक बळकटपणें जोडला जातो. परिणाम असा, कीं श्वासोच्छ्वास चालू असूनहि शरीर आंतल्या आंत गुदमरतें. आरंभीं डोकें दुखतें, भोंवळ येते, मळमळतें. मग गुंगी येते. ज्याला ही गुंगी निजेंत येते, त्याला जाग येण्याचें कारणच उरत नाहीं. उत्तर हिंदुस्थानांतून दर हिंवाळ्यांत, बंद खोलींत अंगीठी ठेवून निजलेलें कुटुंब सकाळीं उठलेंच नाहीं, अशा बातम्या येतात, त्या याच कारणाच्या.

येथें एक समजूत विशेष घातक आहे. "कोळसे चांगले फुलले आहेत, धूर मुळींच नाहीं, आतां भीति नाहीं," असें आपण म्हणतों. धूर डोळ्यांस झोंबतो, म्हणून तो निदान सूचना तरी देतो. हा वायु सूचना देत नाहीं. फुललेले निखारे, आणि विशेषतः राखेखालीं मंदमंद धुमसणारे निखारे, तो वायु सोडीतच असतात. शेजारीं पाण्याचें भांडें ठेवल्यानें हवा ओलसर राहते, एवढेंच. विष पाण्यांत जिरत नाहीं.

हें संकट गरिबाच्या झोपडीवरच येतें असेंहि नाहीं. सुप्रसिद्ध फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांचा मृत्यु १९०२ च्या सप्टेंबरांत पॅरिस येथें राहत्या घरीं, निजण्याच्या खोलींत, याच वायूनें झाला. धुराडें तुंबलें होतें आणि खिडक्या बंद होत्या. पत्नी थोडक्यांत वांचल्या. धुराडें असलेल्या घराची ही कथा. आपल्या खोल्यांना तर धुराडेंच नसतें.

म्हणून पहिला नियम असा, कीं ज्या वस्तूस जळावें लागतें ती निजण्याच्या बंद खोलींत नसावी. कोळशांची शेगडी, लांकडें, रॉकेलचा स्टोव्ह, गॅसचा हीटर, सर्वांस हा नियम सारखाच लागू आहे. स्नानगृहांतील गॅस-गीझर हाहि त्यांचाच भाऊबंद. तो स्नानगृहाबाहेर मोकळ्या हवेंत बसवून पाणी नळानें आंत आणावें. शेगडीची हौसच असेल, तर ती अंगणांत, ओसरीवर, उघड्या गच्चीवर खुशाल पेटवावी, भोंवतीं सर्वांनीं बसून हात शेकावे, आणि निजण्यापूर्वीं ती बाहेरच विझवावी. कोणास गुंगी आलेली दिसली, किंवा घरांतील दोघांतिघांचें डोकें एकदम दुखूं लागून बाहेर गेल्यावर बरें वाटलें, तर कांदा हुंगविण्यांत वेळ न दवडतां रोग्यास मोकळ्या हवेंत आणावें, दारें-खिडक्या उघडाव्या, आणि १०८ वर दूरध्वनि करून ताबडतोब रुग्णालयांत न्यावें. तेथें प्राणवायु देण्याचा उपचार होतो.

आतां यजमानांच्या चिंतेकडे वळूं. खर्चाची तुलना करावयाची तर सर्व साधनांस एकच माप लाविलें पाहिजे. विजेचें एक युनिट म्हणजे १००० वॅटचें उपकरण एक तास चालणें. २००० वॅटचा हीटर रात्रीं चार तास चालला, तर ८ युनिटें. युनिटास १० रुपये धरले तर रोजचे ८० रुपये, आणि महिन्याचे २४००. आपल्या बिलावरील दर वेगळा असेल, तर वाचकांनीं त्या दरानें गुणून घ्यावें, त्रैराशिक तेंच.

दुकानदार सांगतो, कीं तेलाचा रेडिएटर कमी वीज खातो, ब्लोअर जास्त खातो. हें सांगणें अर्धसत्य आहे. लाल तारेचा हीटर, गरम हवा फेंकणारा ब्लोअर आणि तेल भरलेला रेडिएटर या तिघांत एका युनिटापासून मिळणारी उष्णता तंतोतंत सारखीच असते. भेद आहे तो ती देण्याच्या रीतींत. तारेचा हीटर समोर बसणाऱ्यास लगेच शेक देतो. पहाटे पूजेस बसणाऱ्या वृद्धास अर्धा तास तो पुरे. ब्लोअर लहान खोली लवकर तापवितो, परंतु आवाज करतो. रेडिएटर सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. त्यांत उघडी लाल तार नाहीं, आणि ठराविक उष्णता झाली कीं तो आपोआप थांबतो. बचत होते ती या थांबण्यामुळें, तेलामुळें नव्हे. रात्रभर चालवावयाचा असेल, लहान मुलें वावरत असतील, तर तिघांत रेडिएटरच पत्करावा.

विजेचें एक साधन मात्र या हिशेबाच्या बाहेर जातें. गार आणि गरम अशी दोन्ही हवा देणारें वातानुकूलन यंत्र उष्णता निर्माण करीत नाहीं, तर बाहेरच्या हवेंतील उष्णता ओढून आंत आणतें. आपल्याकडील सौम्य थंडींत एक युनिट विजेवर तें सुमारें तीन युनिटांइतकी ऊब देतें. म्हणजे ज्या उबेस हीटर ८० रुपये घेतो, तीस हें सुमारें २७ रुपयांत देईल. यंत्राची मूळ किंमत मोठी, म्हणून केवळ थंडीच्या चार आठवड्यांसाठीं तें विकत घेण्यांत अर्थ नाहीं; परंतु उन्हाळ्यासाठीं तें घ्यावयाचेंच असेल, तर दोन्ही कामें करणारें घ्यावें. कित्येकांच्या घरीं असें यंत्र भिंतीवर असतें, आणि त्यास गरमहि करतां येतें हें कोणी पाहिलेलेंच नसतें.

कोळसा आणि गॅस यांचा हिशेबहि प्रामाणिकपणें मांडला पाहिजे. एक किलो चांगला कोळसा सुमारें ८ युनिटांइतकी उष्णता देतो. किलोस ४० रुपये पडले, तर युनिटामागें ५ रुपये झाले. घरगुती गॅसच्या १४.२ किलोच्या सिलिंडरांत सुमारें १८० युनिटांइतकी उष्णता असते. तो ९०० रुपयांस मिळाला असें धरलें, तर तेथेंहि ५ रुपयेच. कागदावर हीं दोन्ही हीटरच्या निम्म्या खर्चांत होतात, हें यजमानांचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु सुरक्षितपणासाठीं खिडकी उघडी ठेवली, तर विकत घेतलेली ऊब खिडकीवाटे शेजाऱ्यास जाते. आणि खिडकी लावली, तर वर सांगितलेलें भय. शिवाय एक किलो गॅस जळला म्हणजे दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपानें खोलींत मिसळतें, भिंती ओल धरतात आणि बुरशी चढते. स्वस्ताई अशी हिशेबांतच राहते.

विजेसहि धोका नाहीं असें नव्हे. २००० वॅटचा हीटर सुमारें पावणेनऊ अँपिअर वीज ओढतो. भिंतीवरील लहान सॉकेट ६ अँपिअरचें असतें. तेथें हा हीटर लाविला तर तें तापतें, वितळतें, आणि कधीं पेटतेंहि. यास मोठें, १६ अँपिअरचें, अर्थिंग केलेलें सॉकेटच हवें. जोडवायर लावून हीटर दुसऱ्या खोलींत नेऊं नये. जुन्या वाड्यांतील तारा कित्येक दशकांपूर्वींच्या असतात. हीटर आणण्यापूर्वीं वायरमनकडून त्या तपासून घ्याव्या. पडदा, पांघरूण, वर्तमानपत्रें हीं हीटरपासून निदान तीन फूट दूर असावींत. आणि ओलें धोतर किंवा बाळाचीं दुपटीं त्यावर वाळत घालण्याची संवय तर सर्वथा सोडावी.

इथपर्यंत ऊब विकत घेण्याचा विचार झाला. परंतु उत्तम संसार तोच, ज्यांत आधीं असलेलें राखलें जातें आणि मग उणें तेवढेंच विकत आणलें जातें. हिंवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दक्षिणेच्या खिडक्यांचे पडदे दहा वाजतां सारावे, ऊन फरशीवर खेळूं द्यावें, आणि सूर्य कलतांच, गारठा पडण्यापूर्वीं, खिडक्या लावून जाड पडदे ओढावे. फरशीवर सतरंजी किंवा जाजम घालावें. निजतांना पांघरूणांची रास वर घालून खालीं एकच चादर अंथरणारे लोक पुष्कळ. परंतु निम्मी थंडी खालून येते. गादीवर घोंगडी घातली तर वरची एक रजई कमी होते. आपली गोधडी याच तत्त्वावर बनलेली आहे : जुन्या लुगड्यांचे थरावर थर, आणि थराथरांमध्यें अडकलेली हवा. ऊब धरून ठेवते ती ही अडकलेली हवा. म्हणून एका जाड स्वेटरापेक्षां दोन पातळ कपडे अधिक ऊब देतात.

वृद्धांच्या पायांशीं रबरी पिशवी ठेवावयाची असेल, तर पाणी उकळतें नसावें, पिशवी दोनतृतीयांशच भरावी, आणि ती फडक्यांत गुंडाळावी. मधुमेह्यांच्या पायांस कित्येकदां चटका कळत नाहीं. त्यांचें अंथरूण पिशवीनें आधीं गरम करावें आणि निजतांना ती काढून घ्यावी. विजेनें गरम होणारी चादर सुमारें १०० वॅटची असते. आठ तास चालूनहि ती एका युनिटापेक्षां कमी वीज घेते. खोली तापविण्यापेक्षां माणूस तापविणें किती स्वस्त, हें यावरून दिसेल. मात्र तीहि तान्ह्या बाळास व संवेदना मंद झालेल्या रोग्यास देऊं नये, आणि घडी घालून वापरूं नये.

एकत्र कुटुंबास आणखी एक साधन ईश्वरानें फुकट दिलें आहे. स्वस्थ बसलेला मनुष्य सुमारें १०० वॅट उष्णता सतत बाहेर टाकीत असतो. दहा माणसें सायंकाळीं एका खोलींत बसलीं, तर १००० वॅटचा हीटर चालू असल्यासारखेंच झालें. पूर्वीं सर्व कुटुंब माजघरांत बसे. घराच्या पोटांतील, बाहेरच्या भिंती नसलेली ती खोली. चरकाचें उबदार गर्भगृह तें हेंच. आज पांच खोल्यांत पांच माणसें पांच दिवे आणि दोन हीटर लावून बसतात, आणि मग बिल पाहून कपाळास हात लावतात. थंडीच्या रात्रीं दोन तास तरी सर्वांनीं एका खोलींत बसावें. मुलांचा अभ्यास, आजोबांचें वाचन, भाजी निवडणें, सर्व तेथेंच व्हावें. यास खर्च नाहीं, आणि लाभ केवळ उबेचाच नाहीं.

आतां त्या भगिनींच्या प्रश्नाचें उत्तर. बाळंतिणीस व बाळास ऊब हवी, हें सासूबाईंचें म्हणणें पूर्णपणें बरोबर आहे, आणि आधुनिक वैद्यकहि तेंच सांगतें. प्रसूतीच्या खोलीचें तपमान २५ अंशांखालीं नसावें, असें जागतिक आरोग्य संघटनेचें मत आहे. १९७८ सालीं कोलंबिया देशांतील बोगोटा येथें, उबेच्या पेट्या अपुऱ्या पडूं लागल्या तेव्हां, तेथील डॉक्टरांनीं कमी दिवसांचीं बाळें आईच्या उघड्या छातीशीं लावून ठेवण्याचा उपाय सुरू केला. आज तो जगभर मान्य झाला आहे. आईच्या कुशीची ऊब ही शेगडीहून श्रेष्ठ, हें सासूबाईंना पटवावें लागणार नाहीं. त्या हें आपल्यापेक्षां आधींपासून जाणतात. तेव्हां खोलींत रेडिएटर असावा, तो पलंगापासून दूर. बाळाच्या डोक्यास टोपरें व पायांत मोजे. ओलें दुपटें तत्काळ बदलावें. बाळाच्या अंथरुणांत रबरी पिशवी मात्र ठेवूं नये. धुरी खोलींत नको, कारण तान्ह्या बाळाचें फुप्फुस नाजूक असतें. ओवा आणि बाळंतशोपा बाळंतिणीच्या पोटांत जाऊं द्याव्या. धूर होऊन बाळाच्या छातींत नकोत. आणि शेगडी? ती अंगणांत पेटवावी, बाळंतिणीच्या स्नानाचें पाणी तीवर तापवावें, आणि त्या पाण्याची व्यवस्था सासूबाईंकडेच सोंपवावी. यजमानांनीं दोन महिन्यांचें जास्त बिल नातवंडाच्या बारशाच्या खर्चांत धरावें. तें बारशाच्या जेवणावळीपेक्षां पुष्कळच कमी भरेल.

सुज्ञ वाचकांस शेवटीं एवढीच विनंती, कीं हा अंक मिटल्यावर दिवेलागणीच्या आधीं घरांतून एकदां फेरी मारावी. कोणत्या खोलींत काय पेटतें, कोणतें सॉकेट काळवंडलें आहे, स्नानगृहांत गीझर कोठें बसविला आहे, आणि आजोबांच्या गादीखालीं घोंगडी आहे कीं नाहीं, हें स्वतः पाहावें. या फेरीस पाव तास पुरतो. आणि ती थंडीची लाट येण्यापूर्वींच झालेली बरी.